मोटारीचा कंठ आणि त्याची घरगुती स्वच्छता

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच सत्य आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलचे पैसे पंपावर मोजावे लागतात म्हणून त्याचा हिशेब आपण ठेवतो. हवा फुकट मिळते, म्हणून ती इंजिनात कोठून जाते, किती जाते आणि वाटेत तिला कोण अडविते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्हां बालरोगतज्ज्ञांना मात्र हवेची वाट तपासण्याची सवय जडलेली असते. रडणारे मूल टेबलावर आले की आधी श्वास पाहावयाचा, मग बाकीचे, हा आमचा शिरस्ता. त्याच सवयीने मी गेली काही वर्षे माझ्या मोटारीच्या श्वासमार्गाकडेही पाहत आलो आहे. बॉनेटखाली थ्रॉटल बॉडी नावाचा एक लहानसा भाग असतो. तो घरच्या घरी कसा तपासावा, कसा स्वच्छ करावा, आणि मुख्य म्हणजे हे करताना घरातील लहानथोरांना अपाय कसा होऊ देऊ नये, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम रचना. बाहेरची हवा एअर फिल्टरमधून गाळली जाते. हे झाले मोटारीचे नाक. तेथून एका रबरी नळीने ती इंजिनाकडे निघते आणि मॅनिफोल्डच्या शाखांत शिरण्यापूर्वी तिला ॲल्युमिनियमच्या एका ओतीव तुकड्यातून जावे लागते. हीच थ्रॉटल बॉडी. तिच्या गोल भोकात धातूची एक चकती आडव्या दांडीवर बसविलेली असते. चकती फिरली की वाट उघडते, उलट फिरली की मिटते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल वाढवीत नसतो. ही चकती उघडीत असतो. आत आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल किती सोडावयाचे ते गाडीतील संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवितो. शरीररचनेच्या भाषेत ही चकती म्हणजे कंठातील ती अरुंद फट, जिच्यातून फुप्फुसाकडे जाणारा प्रत्येक श्वास जातो.

आता थोडे अंकगणित. डॉक्टरमंडळी ते आनंदाने सहन करतील अशी आशा आहे. एक लिटर क्षमतेचे इंजिन सिग्नलवर उभे असताना मिनिटाला ८०० फेरे घेत आहे असे धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदा श्वास घेतला जातो, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर जागा भरावयाची. परंतु चकती जवळजवळ मिटलेली असल्याने आतील दाब बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे बाहेरची हवा आत जाते ती साधारण १३० लिटर. शांत बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सहा लिटरच्या आसपास हवा घेतो. म्हणजे आपली छोटी गाडी सिग्नलवर नुसती उभी असताना वीस-बावीस माणसांचा श्वास घेत असते! हेच इंजिन हमरस्त्यावर सहा हजार फेऱ्यांनी, चकती पूर्ण उघडून पळविले तर तीन हजार लिटरच्या घरात हवा ओढते.

या दोन आकड्यांमधील अंतरातच सारे इंगित आहे. तीन हजार लिटरसाठी पूर्ण भोक उघडे मिळते. १३० लिटरसाठी मात्र चकतीची कड आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये उरलेली केवळ एक चंद्रकोरीसारखी फट. भोकाचा व्यास ४५ मिलिमीटर धरून हिशेब केल्यास या फटीची सरासरी रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. म्हणजे जाड केसाइतकी. या फटीच्या काठावर तेलकट काजळीचा पातळसा थर बसला तर हमरस्त्यावर त्याचा पत्ताही लागणार नाही, परंतु सिग्नलवर गाडीचा जीव गुदमरेल.

क्रूप झालेले बालक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. अर्भकाच्या श्वासमार्गाचा व्यास चार मिलिमीटर धरला आणि आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर व्यास उरतो दोन. वाट एक चतुर्थांश होते आणि हवेला होणारा रोध सोळा पट वाढतो. तीच एक मिलिमीटर सूज आठ मिलिमीटरच्या मार्गात आली तर निम्म्याहून अधिक वाट शिल्लक राहते आणि रोध सुमारे तिप्पट होतो. म्हणून त्याच सर्दीने वडिलांचा आवाज बसतो आणि मुलाचा श्वास घरघरू लागतो. दोष सुजेच्या जाडीचा नाही, मुळातल्या अरुंदपणाचा आहे. ‘एक्स्प्रेसवेवर उत्तम पळते, मग गॅरेजमध्ये कशाला न्यावयाची?’ असे म्हणणाऱ्या मोटारमालकाला मी हेच उदाहरण देतो.

फिल्टर असताना हे किटण येते कोठून, असा प्रश्न साहजिक आहे. ते बाहेरून कमी आणि आतून जास्त येते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडासा जळका वायू खाली तेलाच्या खोलीत निसटतो आणि तेथे इंजिन ऑइलची वाफ सोबत घेतो. जुन्या काळी हा वायू सरळ रस्त्यावर सोडून देत. प्रदूषण टाळण्यासाठी तो एका नळीने पुन्हा इंजिनाच्या श्वासात मिसळण्याची व्यवस्था पुढे आली. ती योग्यच आहे. पण या वाफेतील तेल वाटेतल्या थंड धातूवर, विशेषतः चकतीच्या पाठीवर आणि काठावर बसते. फिल्टरमधून निसटलेली सूक्ष्म धूळ त्याला चिकटते आणि इंजिनाच्या उष्णतेने त्याचे काळपट रोगण तयार होते. गरम इंजिन बंद केल्यावर वर चढणारी वाफही तेथेच विसावते.

मग आपल्या वडिलांच्या गाड्यांना हा विकार का होत नसे? अँबॅसिडर असो वा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी, तिला कार्ब्युरेटर होता. (सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी मराठी मध्यमवर्गाची कितीतरी वर्षे मानाची गाडी होती.) कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चकतीच्या आधीच हवेत मिसळे, आणि ते मिश्रण चकतीवरून जाताना तिला धुऊन काढी. त्याचे जेट तुंबत, चोक अडकत, पण चकती स्वच्छ राही. साधारण २००० च्या सुमारास एमपीएफआय ही अक्षरे गाड्यांच्या पाठीवर मिरवू लागली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले; भारत स्टेज ३ एप्रिल २००५ मध्ये ज्या मोजक्या शहरांत प्रथम लागू झाले त्यांत सुरत होते, आणि एप्रिल २०१० मध्ये स्टेज ४ च्या पहिल्या तेरा शहरांत सुरतेबरोबर सोलापूरही होते. या नव्या पद्धतीत पेट्रोल थेट प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाते. चकतीच्या वाट्याला कोरडी हवा आणि तेलाची वाफ एवढेच उरले. रोजचे स्नान गेले. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचीही गोष्ट हीच.

त्यातही डॉक्टरांची गाडी हा या विकाराचा खास रुग्ण. घर अडाजणला, दवाखाना नानपुऱ्यात, हॉस्पिटल रिंग रोडवर. दिवसातून सहा वेळा इंजिन सुरू आणि प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. इंजिन नीट तापण्याआधीच बंद होते. आतील पाण्याची वाफ आणि तेल यांचे मिश्रण उडून जाण्यास वेळच मिळत नाही. शिवाय समुद्राजवळची दमट हवा, गेली काही वर्षे चाललेल्या बांधकामांची धूळ, आणि सिग्नलवरचे थांबणे. सुरतकर सिग्नल पाळत नाहीत अशी पूर्वी ख्याती होती. २०२४ पासून पोलिसांनी ती खोटी पाडली. शिस्त वाढली हे उत्तमच झाले, पण इंजिनाचे उभ्या उभ्या धडधडणेही वाढले. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी अशी गाडी कागदोपत्री निरोगी असते. प्रत्यक्षात तिचा कंठ महिन्याला दोनदा मुंबईला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा अधिक काळा सापडतो.

लक्षणे अशी. सिग्नलवर आरपीएमचा काटा स्थिर न राहता वरखाली होतो. एसी लावला की इंजिन दबते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून गाडी थांबविताना ती अचानक बंद पडते. सकाळी पहिल्या मिनिटात दोनतीनदा पुन्हा चालू करावी लागते. यातील तिसऱ्या लक्षणाला मी कधीही क्षुल्लक मानीत नाही. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एकदोन दाबांपुरतीच शिल्लक राहते आणि स्टिअरिंग जड होते. सरदार पुलाच्या उतारावर, मागे बस आणि पुढे दुचाकींची रांग असताना हे घडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. मध्यरात्री प्रसूतिगृहातून बोलावणे येते तेव्हा नवजात बालकाच्या पहिल्या काही मिनिटांची किंमत आपण सारे जाणतो. त्या रात्री गाडीने दगा देऊ नये यासाठी तरी तिच्या श्वासाची कुरकुर वेळीच ऐकली पाहिजे.

परंतु हीच लक्षणे इतर अनेक कारणांनी उद्भवतात. ताप आला म्हणजे मलेरियाच असे नाही. जुने स्पार्क प्लग, अशक्त कॉइल, मळलेला एअर फिल्टर, फाटलेली निर्वात-नळी, बिघडलेला तापमानाचा सेन्सर, साऱ्यांचे दर्शन थोड्याफार फरकाने सारखेच. निर्वात-नळी फाटली असेल तर बॉनेट उघडल्यावर बारीक शीळ ऐकू येते आणि काटा सहसा खाली न जाता वर चढतो. प्लग किंवा कॉइलचा दोष असेल तर इंजिन ठेक्यात ठोका चुकते. आपले गुजराती मेकॅनिक ‘साहेब, मिसिंग करे छे’ म्हणतात ते हेच. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला असेल तर स्कॅनर लावून पाहावे. पी ०५०६ हा संकेत आयडल अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा, तर पी ०५०७ जास्त असल्याचा. तोही रोगाचे नाव सांगत नाही, केवळ लक्षणाची नोंद करतो. शेवटी फिल्टरकडील नळी सैल करून, विजेरीच्या उजेडात चकती डोळ्यांनी पाहणे हीच खरी तपासणी. काठावर काळे वलय दिसले तर स्वच्छता करावी. धातू चकचकीत असेल तर नळी परत बसवून कारण अन्यत्र शोधावे. एका गॅरेजमध्ये मला हा भाग संपूर्ण बदलण्याचा सल्ला मिळाला होता, पाच आकडी रकमेसह. नळी उघडून आत डोकावण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्या चकतीची सेवा आजही अखंड चालू आहे.

काही गाड्या मात्र घरी हाताळू नयेत. डिझेल गाडीत या चकतीचे काम वेगळे असते, तेथे वरील विवेचन लागू पडत नाही. वॉरंटीतील गाडी कंपनीच्या कार्यशाळेतच न्यावी. आणि पुराचे पाणी पाहिलेली गाडी तर कधीच नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा तळघरांतील गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. याच श्वासमार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना कोणी किल्ली फिरविली तर पिस्टनचा दांडा वाकतो. अशा गाडीची किल्लीही न लावता तिला ओढून न्यावी.

आता मूळ विषयातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग: स्वच्छ करावयाचे कशाने? बाजारात थ्रॉटल बॉडी क्लीनर या नावाने फवारा मिळतो, तोच घ्यावा. कार्ब्युरेटर क्लीनर अधिक जहाल असतो आणि काही गाड्यांत भोकाच्या भिंतीवर दिलेले काळसर संरक्षक लेपन तो खरवडून काढू शकतो. काही जण पेट्रोल किंवा घासलेट वापरतात, ते तर सर्वथा वर्ज्य समजावे. या फवाऱ्यांत ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावणे असतात. काहींत मेथॅनॉलही असते. डब्यावर ते बारीक अक्षरांत छापलेले असते आणि विकत घेण्यापूर्वीच वाचावे.

माझ्या पिढीच्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने घासलेट प्यालेली मुले पाहिली आहेत. वय बहुधा एक ते तीन वर्षे, ऋतू बहुधा उन्हाळा, आणि बाटली बहुधा शीतपेयाची. मुलाला तहान लागलेली असते, बाटली ओळखीची असते. आई सांगते, ‘डॉक्टर, घोटभरच प्यायला हो.’ घोटभरही पुष्कळ असते. हे द्रव पातळ असतात, त्यांचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे घशातून ते जठरात जाण्याऐवजी सहज श्वासनलिकेत ओघळतात आणि फुप्फुसाच्या आतील पृष्ठभागावर झपाट्याने पसरतात. फुप्फुसांना फुगलेले ठेवणारे सर्फॅक्टंट त्यांत नष्ट होते. मूल ठसकते, खोकते, मग धापा टाकू लागते. खरा घात बहुतेक वेळा पोटात नव्हे, छातीत होतो. म्हणूनच घरच्यांनी केलेला सर्वांत मोठा उपद्व्याप म्हणजे मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविणे: जे एकदा छातीत जाता जाता वाचले, ते दुसऱ्यांदा त्याच वाटेवर आणून सोडणे. दूध, तूप, ताक यांपैकी काहीही उतारा म्हणून देऊ नये. अंगावर सांडलेले कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी, आणि मुलासह तो डबाही घेऊन रुग्णालयात यावे. मूल हसतखेळत असले तरीही यावे, कारण लक्षणे उमटण्यास काही तास लागू शकतात. निदान सहा तास आम्ही त्याला नजरेखाली ठेवतो. मेथॅनॉल असेल तर प्रकरण आणखी गंभीर. त्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, आणि ते दृष्टीवर घाला घालते.

स्वयंपाकघरात गॅस आल्यापासून घासलेटाची बाटली शहरी घरांतून नाहीशी होत गेली याचे आम्हांला समाधान आहे. तिची जागा छंद म्हणून आणलेल्या या द्रावणांनी घेऊ नये. उरलेला फवारा मूळ डब्यातच, कुलपात ठेवावा. डबा मोटारीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. सुरतच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते आणि दाबाखालील डबा फुटू शकतो. वाटीत ओतून घेतलेले द्रावण पायरीवर ठेवून ‘फोन आला म्हणून’ आत जाऊ नये. घरात किशोरवयीन मुले असतील तर आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे: ही द्रावणे हुंगण्याचे व्यसन असते, आणि त्यांच्या वाफेने हृदय इतके हळवे होते की एखाद्या धक्क्याने वा धावण्याने त्याची लय अचानक बिघडून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकाला ज्ञात आहेत.

आता कृती. रविवारची सकाळ, उघडे अंगण, रात्रभर थंड झालेले इंजिन. तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये हे काम करू नये. सायंकाळ तर नकोच. तुळशीपाशी दिवा लावण्याची वेळ आणि ॲसिटोनची वाफ यांची गाठ पडू देऊ नये. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. त्यापूर्वी म्युझिक सिस्टिमला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो जवळ असल्याची खात्री करावी. दवाखान्यातील लॅटेक्सचे हातमोजे येथे कामाचे नाहीत, या द्रावणांत ते फुगतात आणि फाटतात. नायट्राइलचे बरे, पण तेही भिजले की बदलावे. डोळ्यांवर चष्मा हवा. गॉज वापरण्याचा मोह आपल्या मंडळींना होईल; त्याचे दोरे सुटतात, म्हणून जुन्या धोतराचे किंवा बनियनचे मऊ, धुतलेले तुकडे बरे. शस्त्रक्रियागृहात सिस्टर आधी आणि नंतर तुकडे मोजतात, तसे येथेही मोजावेत. मोजणी जुळल्याशिवाय नळी बंद करावयाची नाही.

नळीची क्लिप स्क्रूड्रायव्हरने सैल करून नळी बाजूला घ्यावी. जोडलेल्या सेन्सरच्या वायरी ओढू नयेत. हवा मोजणारा सेन्सर नळीत असेल तर त्याला हा फवारा लागू देऊ नये. त्याची तार अतिशय नाजूक असते आणि तिच्यासाठी निराळे द्रावण मिळते. थ्रॉटल बॉडी स्वतः सोडवून बाहेर काढण्याची घरी आवश्यकता नाही. तिच्याखाली गॅस्केट असते, कित्येक गाड्यांत शीतकाच्या नळ्याही जोडलेल्या असतात. ती सारी उठाठेव कार्यशाळेची.

फवारा भोकात सोडावयाचा नाही, फडक्यावर घ्यावयाचा. दोन कारणे आहेत: जास्तीचे द्रावण आत मॅनिफोल्डमध्ये साचते, आणि दांडीच्या टोकांतून झिरपून तेथील वंगण व स्थिती दाखविणारा सेन्सर खराब करते. ओल्या फडक्याने आधी भोकाची भिंत आणि चकतीची पुढची बाजू पुसावी. किटण घट्ट असेल तर दोन मिनिटे भिजू द्यावे. नखाने, चाकूने वा घासणीने खरवडू नये. कोपऱ्यांसाठी लहान मुलांचा मऊ टूथब्रश नामी असतो, परंतु तो पुन्हा न्हाणीघरात जाणार नाही अशी व्यवस्था तत्काळ करावी.

चकतीची पाठ आणि काठ यांसाठी ती उघडावी लागते, आणि येथे गाडीगाडीत फरक आहे. केबलने चालणाऱ्या जुन्या गाडीत केबलची चाकी हाताने फिरविली की चकती उघडते. एका हाताने ती धरून दुसऱ्याने पुसावे. अशा गाड्यांत आयडलची थोडी हवा एका बगलेच्या वाटेने छोट्या मोटरच्या झडपेतून जाते. तीही तुंबलेली असू शकते. नव्या गाड्यांत केबल नसते, विजेची मोटर दातेरी चाकांमार्फत चकती फिरविते. तेथे बोटाने चकती ढकलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काही मेकॅनिक सर्रास ढकलतात आणि बहुधा काही होतही नाही, पण आतील प्लास्टिकचे दाते नाजूक असतात. किल्ली लावून कोणाला तरी पेडल दाबावयास सांगून आत बोट घालणे तर त्याहून वाईट. चकती मिटताना बोट सापडते. विजेच्या चकतीच्या बाबतीत बॅटरी सोडवलेल्या स्थितीत जेवढा भाग सहज पुसता येतो तेवढाच पुसावा. स्वस्थितीत ती किंचित उघडीच राहते, त्यामुळे काठाचा बराचसा भाग हाती लागतो. तेवढ्याने भागले नाही तर उरलेले काम स्कॅनर असलेल्या कार्यशाळेकडे सोपवावे. आणखी एक: बॉडीवर एक बारीक स्क्रू दिसतो, कधी त्यावर रंगाचा ठिपकाही असतो. तो कारखान्यात ठरवून बसविलेला असतो. आयडल वाढविण्यासाठी तो फिरवून पाहणाऱ्या उत्साही गृहस्थांनी मेकॅनिकांचा पुष्कळ व्यवसाय वाढविला आहे.

शेवटी कोरड्या फडक्याने पुसून, तुकडे मोजून, दहा-पंधरा मिनिटे वाफ उडू द्यावी आणि मग नळी, क्लिप, बॅटरी या क्रमाने सारे परत जोडावे. पहिल्यांदा इंजिन सुरू होण्यास थोडा वेळ लागेल, किंचित धूरही दिसेल. गाडी उघड्यावरच असावी. थंड इंजिनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पहिली काही मिनिटे काम करीत नाही. कार्बन मोनॉक्साइड त्याच वेळी सर्वाधिक बाहेर पडतो, आणि कुतूहलाने भोवती जमलेल्या मुलांचे नाक नेमके सायलेन्सरच्या उंचीवर असते.

यानंतर जे घडते त्याने पुष्कळ जण घाबरतात: आयडल कमी होण्याऐवजी भलतेच वाढते, काटा बाराशे-पंधराशेवर जातो. दीर्घकाळ पांडुरोग असलेल्या बालकाचे हृदय जसे त्या उणिवेशी जुळवून घेते, तसे ईसीयूनेही महिनोन् महिने तुंबत चाललेल्या फटीशी जुळवून घेतलेले असते. दरमहा तो चकती थोडी थोडी अधिक उघडी ठेवावयास शिकलेला असतो. आपण एका सकाळी वाट मोकळी केली. त्याला ते ठाऊक नाही. तो जुन्याच सवयीने चकती उघडतो आणि हवा भरमसाट आत येते. अशा बालकाला रक्त भराभर चढविले तर ते हृदयाला झेपत नाही, म्हणून आपण ते थेंबाथेंबाने देतो; येथेही घाई करावयाची नाही. बॅटरी सोडविल्याने बऱ्याच गाड्यांत जुनी सवय पुसली जाते. त्यानंतर किल्ली लावून काही क्षण थांबावे, मग एसी, दिवे, पंखा सारे बंद ठेवून इंजिन दहा मिनिटे पेडलला स्पर्श न करता चालू द्यावे, नंतर एसी लावून आणखी पाच मिनिटे. पुढील पंधरा-वीस किलोमीटरच्या फेरीत बहुतेक गाड्या नवा धडा शिकतात. डुमसपर्यंत जाऊन यावे, दोन्ही कामे होतात. काही गाड्यांना मात्र स्कॅनरनेच हे शिकवावे लागते. तसे गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. दोन दिवसांनंतरही काटा हजाराच्या वर राहिला तर नळी नीट बसली नसून कोठून तरी फुकटची हवा आत शिरत असावी. क्लिप पुन्हा तपासावी.

हे काम किती वेळा करावे, असे मला विचारले जाते. वेळापत्रकाने करू नये. दर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला, किंवा शहरातच फिरणारी गाडी असेल तर दोन वर्षांतून एकदा, नळी उघडून विजेरीने पाहावे. किटण दिसले तरच हात घालावा. वर्ष उलटण्यापूर्वीच वलय पुन्हा काळे झाले तर तेलाची वाफ प्रमाणाबाहेर येते आहे असे समजावे आणि ती परत आणणाऱ्या नळीतील पीसीव्ही झडप व इंजिन ऑइलची पातळी पाहावी. भिजलेली फडकी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत. उघड्यावर, मुलांच्या हाताबाहेर, एकेक पसरून पूर्ण वाळवावीत आणि मगच टाकावीत.